पावसाळी गटारातलं लाल पाणी

आमच्या सोलापुरात रस्त्याखाली दोन गटारं असतात, हे मी गेली चौदा वर्षं माणसांना सांगते आहे आणि अजून ते कुणाला पटलेलं नाही. एक ड्रेनेज. ते घराघरांतला मैला घेऊन शुद्धीकरण केंद्राकडे जातं. दुसरं पावसाळी गटार, फक्त पावसाच्या पाण्यासाठी. त्यातलं पाणी कुठेही न थांबता, न गाळता, सरळ नाल्याला मिळतं. आता आमच्याकडे पाऊस तो केवढा पडतो? वर्षातले आठ-नऊ महिने हे दुसरं गटार ठणठणीत कोरडं. आणि कोरडं गटार दिसलं की माणसाला वाटतं, हे आपल्यासाठीच मोकळं ठेवलंय. गॅरेजवाला त्यात जळकं ऑइल सोडतो, हॉटेलवाला खरकटं सोडतो. माझी सख्खी मावशी, जिला मी इंजिनिअर झाल्याचं केवढं कौतुक, तीसुद्धा फिनेलच्या पाण्याची बादली दारासमोरच्या जाळीत ओतते. बोलायला गेलं तर म्हणते, मग जाळी ठेवलीय कशाला.

मी महापालिकेच्या गटार खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. पावसाळी गटारात नको ते आलं की तक्रार माझ्या टेबलावर येते. मला राग लवकर येतो, हे मी कबूल करते. माझ्या गोपनीय अहवालात एका साहेबांनी लिहून ठेवलंय, 'कामात तत्पर, स्वभाव तापट.' पहिल्या दोन शब्दांबद्दल त्यांचे आभार. उरलेल्या दोन शब्दांचं कारण मात्र त्यांनी एकदा माझ्याबरोबर नाल्यावर येऊन बघायला हवं होतं.

मी सांगते आहे ती गोष्ट तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. उन्हाळा नुकता लागला होता. सकाळी ऑफिसला निघण्याच्या गडबडीत मोबाइलवर एक फोटो आला. नाल्याचं पात्र, त्यात आमच्या गटाराचं तोंड आणि त्यातून पडणारी लाल धार. फोटो पाठवणाऱ्या बाई मला ओळखीच्या होत्या. शहराचा उतार जिथे संपतो, तिथे नाल्याच्या काठाला बौद्ध वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीच्या त्या सेविका. पन्नाशीच्या, बोलायला शांत, अक्षर मोत्यासारखं. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणायची. फोटोखाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं, विहीर जवळ आहे, लवकर या.

या विहिरीबद्दल सांगायला हवं. वस्तीची विहीर नाल्यापासून तीसेक पावलांवर आहे. ताईंच्या आजोबांच्या पिढीने ती स्वतः खणली. तेव्हा गावच्या विहिरींवर त्यांना पोहरा टाकू देत नसत. मग गिरणीतली पाळी संपवून आलेली माणसं संध्याकाळी पहार आणि कुदळ घेऊन उतरायची आणि बायका पाटीने मुरूम वर ओढायच्या. दोन वर्षं खणत होते म्हणे. आज वस्तीत नळ आहे, पण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मधल्या दिवसांत धुणं, भांडी, जनावरं आणि उन्हाळा कडक असला तर पिणंसुद्धा विहिरीवरच. जमीन मुरमाड. नाल्यात काही साचलं तर ते मुरमातून विहिरीत पाझरायला दीड-दोन दिवस पुरतात. तेव्हा त्या सकाळी माझ्यासमोर एकच काम होतं. ते लाल पाणी नाल्यात साचू द्यायचं नाही.

मी मुकादमांना फोन केला. मुकादम म्हणजे आमच्या गटार विभागाचे जुने जाणते. त्यांना मी मामा म्हणते. सोलापूरच्या रस्त्यांखाली कुठे काय आहे, ते नकाशात नाही, मामांच्या डोक्यात आहे. असल्या वेळी काय करायचं, त्याची त्यांची एक पद्धत होती. गटाराचं तोंड बंद करायला पुस्तकात वाळूच्या गोण्या सांगितल्यात. आमच्याकडे वाळू मागायची तर मागणीपत्र, त्यावर तीन सह्या आणि मग भांडारपालाची रजा. म्हणून मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडमधून मागावरचं वेस्ट आणायचे. वेस्ट म्हणजे चादरी-टॉवेल विणताना तुटून उरलेला सुताचा गुंता. तो गोण्यांत ठासून भरायचा आणि गोण्या पाइपच्या तोंडात कोंबायच्या. पाणी लागलं की सूत फुगतं आणि पाइप असा आवळून बसतं की वाळूने काय बसावं. ही युक्ती मला इतकी आवडली होती की एका बैठकीत मी तिच्यावर पाच मिनिटं बोलले होते. टाळ्यासुद्धा मिळाल्या होत्या.

साडेनऊला आम्ही नाल्यावर होतो. मी, मामा आणि दोन कामगार. पाणी कोमट होतं. त्याला सोड्याचा आणि ओल्या सुताचा वास येत होता. म्हणजे डायिंगचं, सूत रंगवण्याच्या कारखान्यातलं पाणी, यात शंका नव्हती. ताई काठावर उभ्या होत्या. त्यांनी अंगणवाडीच्या पोरांना घरी पाठवून दिलं होतं आणि विहिरीवर दोन बायका बसवून पोहरा टाकायला बंदी केली होती. मी आल्यावर त्यांनी एकदा विहिरीकडे बघितलं आणि परत पाइपकडे.

वीस मिनिटांत मामांनी तोंड बंद केलं. सहा गोण्या लागल्या. धार तुटली. मग सक्शनची गाडी बोलावून नाल्यात साचलेलं डबकं उपसून घेतलं. ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि वस्तीतून सगळ्यांना चहा मागवला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग.

त्यानंतर शोध. उन्हाळ्यात पावसाळी गटाराचा एकच फायदा असतो. ते कोरडं असतं, म्हणून जो पाइप ओला तो चोर. खालच्या चेंबरपासून सुरुवात करायची, झाकण काढायचं आणि बघायचं. आत कुणीही उतरायचं नाही, हा माझा आणि मामांचा ठरलेला नियम. मामा बांबूला बांधलेला छोटा आरसा खाली सोडतात आणि उन्हाचा कवडसा पाइपात टाकतात. ओला तळ लगेच चमकतो. मग त्या पाइपाने पुढच्या चेंबरला. असं करत, भर उन्हात, झाकणावर उभ्या केलेल्या मोटारसायकली हटवत आणि पानटपरीवाल्याशी एक कडाक्याचं भांडण करत आम्ही अकरा चेंबर वर चढलो. बाराव्यात एक नवाकोरा पाइप भिंतीतून आत आलेला होता. त्याच्या जोडाचं सिमेंट अजून हिरवट ओलं होतं. भिंतीपलीकडे एक छोटं डायिंग होतं.

मालक बाहेर आले. साठीचे, पांढरा सदरा, खिशाला पेन. घरची भाषा तेलुगू, मराठी आपल्यासारखीच साफ. मला त्यांनी पंख्याखाली बसवलं, थंड पाणी दिलं आणि एक फाइल पुढे ठेवली. फाइलमध्ये आमच्याच खात्याला लिहिलेली पत्रं होती. त्यांच्या गल्लीतलं ड्रेनेज सात महिने तुंबलेलं आहे, पाणी उलटं आत येतं, कृपया साफ करावं. प्रत्येक पत्रावर आमचा आवकचा शिक्का. मी मालकांवर ओरडायच्या तयारीने आत गेले होते. ती फाइल बघून माझा आवाज खाली आला, पण राग गेला नाही. तो फक्त दोन ठिकाणी वाटला गेला.

मी त्यांना सांगितलं, तुमचं म्हणणं खरं असेल, तरी हे पाणी एका विहिरीत चाललंय. ते म्हणाले, हा पाइप छपराच्या पाण्याचा आहे, रंगाचं पाणी आमचं नाही. छपराचं पाणी मार्च महिन्यात कुठून आलं, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

कारवाई करायची तर पाण्याचा नमुना हवा, आणि तो मी घेतलेला चालत नाही. तो दुसऱ्या, प्रदूषण तपासणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याने, त्यांच्या बाटलीत, दोन्ही बाजूंसमक्ष घ्यायचा असतो. मी सकाळी दहालाच त्यांना कळवलं होतं. ते दुपारी चारला आले. वरातीमागून घोडं. तोवर मालकांच्या भिंतीतला पाइप आतून बंद झाला होता आणि बाराव्या चेंबरचा तळ वाळून पांढरा पडला होता. अधिकारी तरुण होते, वागायला नम्र. ते म्हणाले, मॅडम, पाणी जिथे आहे तिथलाच नमुना घेता येईल. आणि पाणी आता एकाच ठिकाणी होतं. नाल्यावर, गटाराच्या तोंडाशी, पाइपात, आमच्या गोण्यांच्या मागे अडलेलं.

आम्ही सगळे परत नाल्यावर आलो. मालकही आले, कारण दोन्ही बाजू समक्ष हव्यात. अधिकाऱ्यांनी बाटली बुडवली. लालभडक पाणी. त्यांनी बूच लावलं, चिकटपट्टी लावली, माझी सही घेतली. मालकांची सही घ्यायला कागद पुढे केला तेव्हा ते गोण्यांकडे बघत होते. ते सावकाश खाली बसले. एका गोणीच्या फाटक्या तोंडातून त्यांनी सुताचा मूठभर गुंता ओढून काढला, बोटांवर घासला आणि खिशातला पांढरा रुमाल काढून त्यावर पिळला. रुमालावर लाल डाग पसरला.

"मॅडम, हे चादरीच्या काठाचं सूत आहे. रंग कच्चा आहे, पहिल्या पाण्याला सुटतो. सकाळपासून भिजतंय, मग पाणी लाल नाही तर काय होणार?"

ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. टोमणाही मारला नाही. चाळीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस सूत बघून रंग ओळखणार, यात नवल काय. नवल माझंच होतं. सोलापुरात जन्मले, सोलापुरात शिकले, चादरीची पहिली धुणी वेगळी काढायची हे माझ्या आईने मला परकर नेसायच्या वयात शिकवलं, आणि मी रंगाचा चोर पकडायला रंगीत सुताच्या गोण्या लावल्या. हात दाखवून अवलक्षण. मी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते.

नंतर मामांनी मला सांगितलं की शेडमध्ये पांढरं वेस्टही असतं, पण ते यंत्रं पुसायला जातं, म्हणून लोक देत नाहीत. रंगीत कुणाला नको असतं, ते आयतं मिळतं. इतकी वर्षं ऑइल यायचं, साबण यायचा, मळी यायची, तेव्हा गोणीचा रंग कुणी बघितला नव्हता. लाल पाण्याला लाल गोणी हे पहिल्यांदाच झालं. मामांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचं काम धार तोडायचं, ती त्यांनी तोडली. धार तोडण्याआधी निदान एक बाटली भरून साक्षीदारांसमोर बाजूला ठेवायची, किंवा गोण्यांशिवायचा एक फोटो काढायचा, एवढं माझं काम होतं. माझ्या मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंत गोण्या आहेत. ताईंच्या फोटोत गोण्या नाहीत, पण तो म्हणे अधिकृत नाही.

अहवाल आला. रंगाचा उगम निश्चित करता येत नाही. प्रकरण बंद.

मी ताईंना सांगायला गेले. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विहीर वाचली न्हवं? तुमी आधी बाटल्या भरत बसला असता तर मला राग आला असता." त्या दिवशी विहिरीचं पाणी खरंच चांगलं होतं. ताई रोज सकाळी एका पांढऱ्या वाटीत पाणी काढून बघायच्या. मलाही त्यांनी वाटी दाखवली. मी थोडी हलकी होऊन परतले.

पण खात्यात हे प्रकरण संपलं नव्हतं. आमच्या साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं आणि त्याचा परिणाम म्हणून एक परिपत्रक निघालं. यापुढे कोणत्याही परिस्थितीत पावसाळी गटारात वेस्टच्या गोण्या वापरू नयेत, वापरल्यास संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्यात येईल. ठीक. चूक झाली होती, परिपत्रक निघणारच. मग वापरायचं काय? मी लगेच प्रस्ताव दिला. गटाराच्या तोंडाशी एक सरकती झडप बसवावी, वरून चाक फिरवलं की बंद. तोवर वाळूच्या पन्नास गोण्या भरून नाल्याजवळच्या चौकीत ठेवाव्यात. आणि त्या गल्लीतलं तुंबलेलं ड्रेनेज आधी साफ करावं, म्हणजे मालकांना पाइप फिरवायला सबबच उरणार नाही. साहेबांनी प्रस्ताव वाचला, चांगला आहे म्हणाले आणि लेखा विभागाकडे पाठवला. तिथून तो परत आला, कारण झडप स्थापत्यमध्ये येते की यांत्रिकीमध्ये, ते स्पष्ट नव्हतं. मी स्पष्ट केलं. पुन्हा गेला. वाळूच्या गोण्यांवर शेरा आला की वाळूऐवजी मुरूम चालेल का. मी लिहिलं, चालेल. दगड चालतील, माती चालेल, माझ्या घरच्या उशा चालतील, पण काहीतरी द्या. शेवटचं वाक्य साहेबांनी खोडायला लावलं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. प्रस्ताव कुठेतरी पेंड खात बसला होता. पुढच्या मार्चमध्ये, एका गुरुवारी दुपारी, ताईंचा पुन्हा फोटो आला. तेच तोंड, तशीच धार.

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, येतो, पण लावू काय? मी म्हटलं, गोण्या आणा. त्यावर मामा म्हणाले,

"मॅडम, माझे पाच म्हयने राहिलेत. त्या कागदावर माझी सही घेतलीय. तुमी लिहून द्या, मी लगेच लावतो."

मला तेव्हा मामांचा संताप आला. आज येत नाही. निवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसाने कुणाच्या तरी परिपत्रकापायी स्वतःची पेन्शन पणाला का लावावी? मी साहेबांना फोन केला, तोंडी परवानगी द्या म्हटलं. साहेब बैठकीत होते. मी मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. शेवटी मी स्वतः कागदावर लिहून सही केली. तेवढ्यात पाच वाजून गेले होते आणि शेडला साप्ताहिक सुट्टी होती. वेस्ट मिळेना. मुरमाच्या गोण्या भरायच्या तर गोण्या आहेत, मुरूम नाही. मुरूम मिळाला तेव्हा ट्रॅक्टर नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही तोंड बंद केलं. तोवर वस्तीतल्या माणसांनी रात्रभर पाट्यांनी माती टाकून नाल्यात बांध घालायचा प्रयत्न केला होता. तो दोनदा फुटला होता.

रविवारी ताईंनी वाटीचा फोटो पाठवला. पांढऱ्या वाटीत पाणी. नीट बघितलं नसतं तर कळलंही नसतं, इतका फिका गुलाबी रंग. मी तो फोटो मोठा करून, छोटा करून, उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मला तो रंग दिसू नये असं वाटत होतं.

सोमवारी मी साहेबांना तो फोटो दाखवला आणि मग खात्याचा वेग काय असतो ते मला नोकरीत पहिल्यांदा कळलं. मंगळवारी नमुना गेला. शुक्रवारी अहवाल आला, पाणी पिण्यास अयोग्य. त्याच दुपारी आदेश निघाला की सदर विहीर वापरासाठी बंद करावी, तोंडावर लोखंडी जाळी बसवावी व फलक लावावा. जाळीला स्थापत्य की यांत्रिकी असा प्रश्न कुणी विचारला नाही. फलक रंगवून तयार होता. तो बसवून घ्यायची जबाबदारी माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात.

मी जाळी घेऊन वस्तीत गेले तेव्हा विहिरीवर बरीच माणसं होती. कुणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं, मला भांडता येतं. ताईंनी आदेश हातात घेतला, उभ्याने पूर्ण वाचला, घडी घातली.

"हितं विहीर बंद करायला तुमच्या सायबांना चार दिवस लागले. तितं पाइप बंद करायला वर्ष पुरलं न्हाय. विहिरीनं काय केलंय, मॅडम?"

मी काही तरी बोलले. नियमाप्रमाणे, लहान मुलांच्या दृष्टीने, तात्पुरतं, असले शब्द. ते बोलताना मला माझाच राग येत होता. ताईंनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, जयंती पंधरा दिवसांवर आहे. जयंतीच्या आधी सगळी वस्ती मिळून विहीर उपसून साफ करते, विहीर खणली तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही. तेवढं होऊ द्या, मग तुमची जाळी लावा. हे माझ्या अधिकारात बसत नव्हतं. मी जाळी गाडीतून उतरवलीच नाही. साहेबांना सांगितलं, वेल्डर मिळाला नाही. खोटं होतं, पण त्या महिन्यात मी केलेलं तेवढंच एक बरं काम.

उपशाच्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना, म्हणून गेले. सकाळपासून दोन मोटारी लावल्या होत्या, तरी दोराला माणसं होतीच, कारण खालचा गाळ मोटारीने निघत नाही. बायका रांगेने पाट्या पुढे देत होत्या. त्या रांगेत मलाही जागा मिळाली. दुपारी तीनच्या सुमाराला तळ लागला. आत उतरलेल्या माणसांनी गाळ खरवडला आणि झरे मोकळे झाले. विहिरीला दोन झरे आहेत. एक उताराच्या वरच्या अंगाचा, करंगळीएवढा. दुसरा नाल्याच्या अंगाचा, मनगटाएवढा. वरच्या झऱ्याचं पाणी आधी काढलं. वाटीत धरलं तर आरपार. मग नाल्याच्या झऱ्याखाली वाटी धरली.

सगळ्यांनी ती वाटी हातोहात बघितली. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांकडे, ताईंच्या चुलत्यांकडे ती शेवटी गेली. ते गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की विहीर खणताना आधी हा झरा लागला होता. दीड वर्ष नुसता कोरडा मुरूम निघत होता, लोक हसत होते, आणि एका संध्याकाळी त्यांच्या वडिलांच्या पहारेखाली हा फुटला. त्या दिवशी वस्तीत गूळ वाटला होता. एवढं बोलून त्यांनी वाटी पालथी केली आणि म्हणाले, बुजवा.

ताई माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, झऱ्याच्या पाण्याला दाब असतो. साधं सिमेंट वाहून जाईल. तुमी गटारं बंद करता की, सांगा कसं बंद करायचं."

मला ते येत होतं. आधी झऱ्याच्या तोंडात एक नळी बसवायची, म्हणजे पाण्याला वाट राहते. भोवतीचा मुरूम खरवडून पक्क्या दगडापर्यंत जायचं. लगेच आवळणारं सिमेंट घट्ट मळून, हातात गरम लागेपर्यंत धरून, नळीभोवती दाबायचं. ते कडक झालं की शेवटी नळीचं तोंड बंद करायचं. मी कठड्यावर पोटावर पडून, आत डोकं घालून, ओरडून ओरडून हे सगळं सांगितलं. खालच्या दोन माणसांनी मी म्हणेन तसं केलं. त्यांचा हात माझ्या खात्यातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगला होता. नळीतून पाणी येत होतं तोवर मी मध्ये दोनदा थांबले, सांगायचं राहिलं म्हणून नाही. मला पुढचं सांगवत नव्हतं. मग खालून विचारणा झाली, बाई, आता? आणि मी म्हटलं, आता बूच मारा.

संध्याकाळपर्यंत विहिरीत घोट्याएवढं पाणी आलं, स्वच्छ. पूर्वी याच वेळेपर्यंत कमरेएवढं यायचं. वापरायला आता ते पुरवून पुरवून पुरतं, प्यायला नाही. आमची जाळी विहिरीवर कधी बसली नाही आणि साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही. गटाराच्या तोंडावरची झडप अजून मंजूर व्हायची आहे, आणि गेल्या मार्चमध्येही तिथून लाल पाणी आलं.

चौदा वर्षांत मी किती तोंडं बंद केली, त्याचा हिशेब नाही. सगळी कधी ना कधी सुटली. वस्तीतला तो झरा मात्र अजून एक थेंबही गळत नाही.